ऑफिसमधली खुन्नस प्रेमात बदलते तेव्हा: मानसशास्त्र काय सांगतं, कायदा काय सांगतो?

आधी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं. मग एकत्र आलेला प्रोजेक्ट, डेडलाइनच्या आदल्या रात्रीचं जागरण आणि शेवटी प्रेम. रील्सवर आणि वेबसिरीजमध्ये ‘एनिमीज टू लव्हर्स’ हा प्रकार सध्या जोरात चालतो. अशा बऱ्याच गोष्टी जाहिरात एजन्सीत घडताना दाखवतात, कारण तिथं स्पर्धा रोजचीच असते.

पण हीच गोष्ट नांदेड किंवा लातूरच्या सहा-सात माणसांच्या एजन्सीत घडली तर? तिथं एचआर नावाचा विभाग नसतो. मालक आणि बॉस एकच माणूस असतो. क्लायंट कुणाचा तरी पाहुणा निघतो. दोघं चहाच्या टपरीवर दोनदा सोबत दिसले तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोहोचलेली असते.

खुन्नस प्रेमात का बदलते, मस्करी कुठं संपते आणि त्रास कुठं सुरू होतो, कायदा कुणाच्या बाजूनं उभा राहतो आणि छोट्या शहरातल्या ऑफिसात नेमकी काय काळजी घ्यायची, हे सविस्तर पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

- दोन सज्ञान सहकाऱ्यांनी प्रेम करू नये, असा कोणताही कायदा भारतात नाही.
- समोरच्याला नको असलेलं लैंगिक स्वरूपाचं वागणं, बोलणं किंवा मेसेज मात्र कायद्यानं लैंगिक छळात मोडतं.
- दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ऑफिसातल्या महिलांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.
- लग्न केलं म्हणून महिलेला नोकरीवरून काढणं चुकीचं आहे, हे सुप्रीम कोर्टानं १९६५ मध्येही सांगितलं आणि २०२४ मध्येही.

जाहिरात एजन्सीतच हे जास्त का घडतं?

याचं पहिलं कारण कामाच्या पद्धतीत आहे. एके काळी शब्द लिहिणारा कॉपीरायटर एका खोलीत बसायचा आणि चित्र काढणारा आर्टिस्ट दुसऱ्या. लिहिलेला मजकूर पुढं ढकलला की त्याचं काम संपलं. न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या डॉयल डेन बर्नबाख या एजन्सीनं ही पद्धत मोडली. बिल बर्नबाख यांनी कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टर यांना एका टेबलावर बसवलं आणि जाहिरातीची कल्पना दोघांनी मिळून काढायची, असं ठरवलं. पुढं जगभरच्या एजन्सींनी हीच जोडीची पद्धत उचलली.

आता दोन माणसं रोज आठ-दहा तास एकमेकांच्या कल्पनांवर काट मारत बसणार म्हटल्यावर भांडणं होणारच. तिची ओळ त्याला लांब वाटते, त्याचं डिझाइन तिला गिचमिड वाटतं. पण त्याच वेळी समोरचा माणूस विचार कसा करतो, कशावर हसतो, दबावाखाली कसा वागतो, हेही इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्या नोकरीत क्वचितच कळतं.

दुसरं कारण म्हणजे पिच. एका क्लायंटसाठी दोन-तीन एजन्सी किंवा एकाच एजन्सीतल्या दोन टीम कल्पना मांडतात. एक जिंकते, बाकीच्यांची मेहनत कचऱ्यात जाते. जिंकलेल्याचं नाव होतं, पगारवाढीच्या वेळी तेच आठवलं जातं. त्यामुळं या धंद्यात स्पर्धा वैयक्तिक होते.

नांदेड-लातूरमध्ये कामाचं स्वरूप थोडं वेगळं आहे. इथल्या एजन्सी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचं बुकिंग करतात, त्यावर कमिशन घेतात, फ्लेक्स आणि होर्डिंगची कामं करतात आणि आता क्लायंटचं इन्स्टाग्रामही सांभाळतात. नांदेडचा ‘प्रजावाणी’, लातूरचा ‘एकमत’ आणि राज्यभर चालणाऱ्या दैनिकांच्या आवृत्त्या, या सगळ्यांकडं ठरलेल्या वेळेत मजकूर पोहोचवायचा असतो. लग्नसराई, गणपती आणि दसरा-दिवाळीला सराफ, कापड दुकानं आणि गाड्यांचे शोरूम यांची गर्दी होते. निवडणूक लागली की झोप विसरायची.

लातूरचा मोठा सीझन मात्र निकालांचा. बारावीच्या ‘लातूर पॅटर्न’नं शहराला ओळख दिली आणि आता नीटच्या तयारीसाठी राज्यभरातून मुलं येतात. निकाल लागला की ट्यूशन एरियापासून अंबाजोगाई रोडपर्यंत विद्यार्थ्यांच्या फोटोंचे फ्लेक्स लागतात. नांदेडमध्येही क्लासेसच्या जाहिरातींचं असंच असतं. काही तासांत डझनावारी डिझाइन द्यायची असतात.

अशा वेळी वाद कशावरून होतो, याचं एक उदाहरण घेऊ. क्लासच्या मालकाला ‘जिल्ह्यात नंबर १’ हवं असतं. क्लायंट सांभाळणारा म्हणतो, लिहून टाक. कॉपीरायटर म्हणते, पुरावा कुठंय? ती बरोबर असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटे दावे करायचे नाहीत आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, असं त्यात सांगितलंय. आज ‘तिला काय कळतंय’ म्हणणारा उद्या क्लायंट अडचणीत येता येता वाचला की तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. खुन्नस आदरात बदलायला कधी कधी एवढंच पुरतं.

भांडणातून आवड कशी तयार होते?

याचं उत्तर मानसशास्त्राच्या काही जुन्या, गाजलेल्या प्रयोगांमध्ये सापडतं.

१. सतत दिसणारा माणूस आवडायला लागतो

लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या विद्यार्थी वसाहतीत पाहणी केली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मैत्री कुणाशी होते, हे घराचा दरवाजा किती जवळ आहे यावरून बऱ्याच अंशी ठरतं, असं त्यात दिसलं. १९६८ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दाखवलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती जास्त आवडायला लागते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी या दोन्ही नियमांत बसतो. अर्थात सुरुवातीलाच मनात तिटकारा असेल तर रोजच्या भेटीनं तो वाढूही शकतो.

२. नावं ठेवणाऱ्यानं केलेलं कौतुक जास्त लागतं

खुन्नस आणि प्रेमाचं कोडं सोडवणारा सगळ्यात नेमका प्रयोग हाच. इलियट ॲरन्सन आणि डार्विन लिंडर यांनी १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रयोगातल्या विद्यार्थिनींना दुसरी व्यक्ती आपल्याबद्दल काय बोलते ते सलग काही वेळा ऐकायला मिळेल, अशी व्यवस्था केली होती. काहींना सुरुवातीपासून कौतुकच ऐकू आलं. काहींना आधी टीका आणि मग हळूहळू कौतुक. सगळ्यात जास्त आवडली ती दुसऱ्या प्रकारातली, म्हणजे आधी नावं ठेवून नंतर मत बदलणारी व्यक्ती. सगळ्यांनाच ‘भारी’ म्हणणाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. कधीच चांगलं न म्हणणाऱ्यानं एकदा मान डोलावली की ते दिवसभर डोक्यात राहतं.

३. छातीतली धडधड कशाची, हे कळत नाही

डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावरचा प्रयोग मांडला. उंच, हलणारा पूल ओलांडलेल्या पुरुषांनी तिथं भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करण्याचं प्रमाण साध्या, भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त होतं. भीतीनं वाढलेली धडधड त्यांनी आकर्षणाच्या खात्यात टाकली, असा याचा अर्थ लावला गेला. पिचच्या आधीचा अर्धा तास या पुलासारखाच असतो. म्हणून सीझनमध्ये वाटलेली ओढ सीझन संपल्यावरही तशीच आहे का, हे तपासून बघावं.

४. अडचण दोघांची झाली की वैर विरघळतं

मुझफ्फर शेरिफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात मुलांचे दोन गट केले. स्पर्धा लावताच दोन्ही गट एकमेकांचे झेंडे जाळायच्या थराला गेले. त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवून काही फरक पडला नाही. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि दोन्ही गटांना मिळूनच तो दुरुस्त करावा लागला, अशा प्रसंगांनंतर मात्र वैर कमी होत गेलं. दोन स्पर्धकांना एकाच मोठ्या क्लायंटसाठी एका टीममध्ये टाकलं की हेच घडतं.

या चारही गोष्टी आकर्षण कसं तयार होतं ते सांगतात. नातं टिकेल का, हे त्या सांगत नाहीत.

पडद्यावर आणि प्रत्यक्षात

हॉलिवूडला ही कल्पना फार पूर्वी सुचली. १९६१ च्या ‘लव्हर कम बॅक’ या चित्रपटात डोरिस डे आणि रॉक हडसन न्यूयॉर्कच्या दोन प्रतिस्पर्धी एजन्सींमध्ये काम करतात. तो खोटी ओळख सांगून तिला फसवतो आणि तरीही शेवट गोड होतो. २००० च्या ‘व्हॉट विमेन वॉन्ट’मध्ये मेल गिब्सनला हवं असलेलं पद हेलन हंटच्या पात्राला मिळतं. तो तिच्या मनातलं ऐकून तिच्याच कल्पना चोरतो, मग प्रेमात पडतो. पडद्यावर हे गमतीचं वाटतं. प्रत्यक्षात एखाद्यानं तुमची कल्पना स्वतःच्या नावावर खपवली तर ती चोरीच असते.

खऱ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण राजकीय प्रचाराच्या जगातलं आहे. १९९२ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेम्स कार्व्हिल बिल क्लिंटन यांच्या प्रचाराची रणनीती ठरवत होते. मेरी मॅटलिन समोरच्या बाजूला, थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचारात मोठ्या जबाबदारीवर होत्या. दोघांची जवळीक प्रचाराच्या आधीपासूनची. क्लिंटन जिंकले, बुश हरले आणि १९९३ मध्ये या दोघांनी लग्न केलं. आपापल्या बाजूचं काम दोघांनीही सोडलं नव्हतं, हे त्यातलं महत्त्वाचं.

आपल्याकडं जाहिरात क्षेत्रातली ओळखीची जोडी म्हणजे गौरी शिंदे आणि आर. बाल्की. मूळच्या पुण्याच्या शिंदे यांनी अनेक जाहिरातपट केले, बाल्की लो लिंटासमध्ये मोठ्या पदावर होते. २००७ मध्ये त्यांचं लग्न झालं. त्यांची गोष्ट स्पर्धेची नाही, पण एकाच क्षेत्रातली दोन माणसं लग्नानंतर स्वतंत्र काम करू शकतात, हे त्यातून दिसतं. २०१२ मध्ये ‘इंग्लिश विंग्लिश’ शिंदे यांनी स्वतःच्या नावावर दिग्दर्शित केला.

खुन्नस, मस्करी आणि त्रास: फरक कसा ओळखायचा?

‘एनिमीज टू लव्हर्स’ या गोष्टींचा एक धोका आहे. मुलगी चिडते म्हणजे तिला आवडतं, ती नाही म्हणते म्हणजे अजून प्रयत्न कर, असा चुकीचा धडा त्यातून घेतला जातो. प्रत्यक्षात काही साधे प्रश्न विचारले की फरक कळतो.

- टोमणे कामावर आहेत की शरीर, कपडे, जात किंवा चारित्र्यावर?
- दोघंही एकमेकांना चिडवतात, की एकच जण बोलतो आणि दुसरा गप्प बसतो?
- समोरच्यानं ‘पुरे’ म्हटल्यावर विषय थांबतो का?
- नकार दिल्यावर कामात त्रास सुरू होतो का? उदाहरणार्थ, चांगली कामं काढून घेणं, मीटिंगमधून वगळणं, क्लायंटसमोर अपमान करणं.
- रात्री येणारे मेसेज कामाचे आहेत का?

नकार देणाऱ्याला काहीच गमवावं लागत नसेल, तरच होकाराला अर्थ असतो. हा एक मुद्दा लक्षात ठेवला तरी बाकीचं बरंच सोपं होतं.

कायदा काय सांगतो?

१९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यावर आधारित कायदा २०१३ मध्ये आला. त्याला बोलीभाषेत ‘पॉश कायदा’ म्हणतात.

या कायद्यातला कळीचा शब्द आहे ‘नकोसं’. दोघांच्या मर्जीनं सुरू असलेलं नातं या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पण नको असलेला स्पर्श, शरीरसंबंधांची मागणी, अश्लील बोलणं, अश्लील फोटो किंवा व्हिडिओ दाखवणं, लैंगिक स्वरूपाचं इतर कोणतंही वागणं हा छळ ठरतो. अशा वागण्याला जोडून बढतीचं आमिष दाखवणं, नोकरी जाईल अशी धमकी देणं किंवा काम करणं असह्य होईल असं वातावरण तयार करणं, हेही त्यात येतं.

कायद्याचं संरक्षण फक्त कायम कर्मचाऱ्यांना नाही. इंटर्न, शिकाऊ, रोजंदारीवर किंवा कंत्राटावर काम करणाऱ्या महिलाही त्यात येतात. ऑफिसच्या चार भिंतीच ‘कामाचं ठिकाण’ असं नाही. शूटिंगची जागा, क्लायंटचं ऑफिस आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा त्यात धरली जाते. या कायद्याखाली तक्रार फक्त महिलेला करता येते.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमणं मालकावर बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते, किमान अर्ध्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नांदेड-लातूरसाठी पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. ऑफिसात दहापेक्षा कमी लोक असतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. ही समिती नेमण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्यावर असते. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येते. तालुक्याच्या ठिकाणी तक्रार घेऊन ती सात दिवसांत समितीकडं पाठवणारा नोडल अधिकारी असावा, अशीही तरतूद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं या यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत प्रत्यक्ष उभ्या राहाव्यात म्हणून पुन्हा आदेश दिले. ‘शी-बॉक्स’ या सरकारी पोर्टलवरूनही तक्रार करता येते.

मुदतीकडं लक्ष द्यायला हवं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते. तक्रारदाराचं नाव उघड करायला बंदी आहे. आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

बॉस आणि कर्मचारी: इथं गणित बदलतं

‘तुला पाहते रे’ किंवा ‘माझी तुझी रेशीमगाठ’ या मालिकांमध्ये कंपनीचा मालक आणि तिथं काम करणारी तरुणी यांचं प्रेम महाराष्ट्रानं घराघरात पाहिलं. मालिकेत ते स्वप्नासारखं दिसतं. ऑफिसात मात्र पगार, सुट्टी आणि पुढची नोकरी एकाच्याच हातात असते. दुसऱ्याचा होकार किती मोकळेपणानं आला, हे सांगणं अवघड होतं.

म्हणूनच मोठ्या कंपन्या याबाबत कडक असतात. मॅकडोनाल्ड्सनं नोव्हेंबर २०१९ मध्ये आपले सीईओ स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना कर्मचाऱ्याशी संमतीनं असलेल्या संबंधांवरून काढलं. नेस्लेनं सप्टेंबर २०२५ मध्ये लॉरां फ्रेक्स यांना हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेलं नातं लपवल्यामुळं पदावरून दूर केलं. जुलै २०२५ मधला कोल्डप्लेच्या कार्यक्रमातला व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर ॲस्ट्रोनॉमर कंपनीचे सीईओ आणि एचआर प्रमुख, दोघांनाही राजीनामा द्यावा लागला.

बरोबरीच्या पदावरचे दोन स्पर्धक प्रेमात पडले तर ही अडचण कमी असते. पण त्यातल्या एकाला बढती मिळाली की परिस्थिती बदलते. तेव्हा एकानं दुसऱ्याची पगारवाढ किंवा सुट्टी ठरवू नये, हा नियम आधीच केलेला बरा.

दोघं वेगवेगळ्या एजन्सीत असतील तर?

नांदेड-लातूरमध्ये हेही सहज होतं. तोच क्लायंट, दोन एजन्सी आणि दोघांच्या घरी एकच जेवणाचं टेबल. इथं प्रश्न गोपनीयतेचा येतो. क्लायंटला दिलेला रेट, पिचची कल्पना, लाँचची तारीख या गोष्टी मालकाच्या असतात. त्या फोडल्या तर नोकरी जाऊ शकते आणि करारात गोपनीयतेचं कलम असेल तर नुकसानभरपाईही मागितली जाऊ शकते.

दुसऱ्या बाजूला, ‘आमच्याकडून गेल्यावर दोन वर्षं कुठल्याच एजन्सीत काम करायचं नाही’ अशी अट अनेक करारांत असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. त्यामुळं नोकरी सोडल्यानंतरची अशी अट सहसा टिकत नाही. जोडीदाराच्या एजन्सीत जायचं असेल तर घाबरून जायचं कारण नाही, पण जुन्या क्लायंटच्या फायली सोबत न्यायच्या नाहीत.

नांदेड-लातूरमध्ये अडचण नेमकी कुठं येते?

पुण्या-मुंबईत नातं तुटलं तर दुसरी एजन्सी शोधता येते. इथं एजन्सी मोजक्या आणि मालक एकमेकांना ओळखणारे. एका ऑफिसातून वाईट बोलून बाहेर पडलं की पुढचे दरवाजे बंद होऊ शकतात. याची किंमत बहुतेक वेळा मुलीलाच मोजावी लागते. बातमी घरी पोहोचली की ‘उद्यापासून कामाला जायचं नाही’ हे तिला सांगितलं जातं, त्याला क्वचितच. लग्न ठरलं तरी ‘नवरा-बायको एका ऑफिसात नको’ म्हणत राजीनामा तिच्याकडंच मागितला जातो.

यावर कोर्टाची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. मुंबईतल्या इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीत पॅकिंग विभागातल्या महिलांनी लग्न केलं की नोकरी जायची. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा नियम रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लग्नामुळं नोकरी गमावलेल्या एका माजी लष्करी परिचारिकेला ६० लाख रुपये भरपाई द्यायचे आदेश सुप्रीम कोर्टानं दिले आणि असा नियम पुरुषी मानसिकतेचा असल्याचं म्हटलं.

जात आणि धर्म हा दुसरा मुद्दा. ऑफिसात टेबल शेजारी लावताना कुणी जात विचारत नाही, घरी मात्र तोच पहिला प्रश्न असतो. प्रेमसंबंधांना असलेल्या घरच्या विरोधातून हत्या झाल्याची प्रकरणं २०२३ आणि २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातही समोर आली. त्यामुळं हा धोका कागदावरचा नाही.

लग्न करायचं ठरलं तर

मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची असेल तर लग्नाचा निर्णय त्यांचा. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यात जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली विधीनं लग्न करून नोंदणी करता येते. धर्म वेगळे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्यात दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात लावली जाते. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटीस लागली की बातमी बाहेर जाऊ शकते, हे धरूनच तयारी करावी.

२०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप किंवा जमावाला ढवळाढवळ करायचा अधिकार नाही. धोका असलेल्या जोडप्यांसाठी जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याच्या सूचनाही दिल्या. धमकी आली तर पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत. महाराष्ट्रात जातीतून वाळीत टाकणं हाही सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. ठरावीक प्रवर्गातल्या आंतरजातीय विवाहांसाठी राज्याची ५० हजार रुपयांची प्रोत्साहन योजनाही आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण विभागात करता येते.

आणि नातं तुटलं तर?

सगळ्यात जास्त गडबड इथं होते. ब्रेकअपनंतर पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, मुलीच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लग्न करायचा हेतूच नसताना तसं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं कलम ६९ खाली येतं आणि त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मनापासून दिलेलं वचन पुढं परिस्थितीमुळं मोडलं तर ती फसवणूक ठरत नाही. हेतू सुरुवातीपासून काय होता, हे कोर्ट बघतं.

व्यवहारात काय करता येईल?

प्रेमात पडलेल्या दोघांसाठी:
- एकदाच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर विषय कायमचा बंद.
- डेडलाइनच्या रात्री निर्णय घेऊ नका, सीझन संपू द्या.
- नातं पक्कं झालं की मालकाला स्वतःहून सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास जातो.
- कामाचं श्रेय वेगळं ठेवा. कुणाची ओळ, कुणाचं डिझाइन, हे मेलवर लिहिलेलं असू द्या. लग्नानंतर ‘हे नवऱ्यानंच करून दिलं असेल’ हा टोमणा तिलाच ऐकावा लागतो.
- लग्नानंतर एकानं नोकरी बदलायचीच असेल तर कुणी, हे पगार आणि संधी बघून ठरवा.

एजन्सीच्या मालकासाठी:
- पाच माणसं असली तरी एका पानाचा लेखी नियम करा. जोडीपैकी एकानं दुसऱ्याचं मूल्यमापन करायचं नाही, एवढं तरी त्यात हवं.
- स्थानिक समितीचा पत्ता ऑफिसात लावा.
- स्टाफच्या नात्याबद्दल घरी फोन करू नका. ते दोघंही सज्ञान आहेत.

सहकाऱ्यांसाठी तर एकच गोष्ट पुरेशी आहे. दोघांचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी थांबा. मोठ्या शहरात त्यावर चार इमोजी येतील. नांदेड-लातूरमध्ये त्या एका फोटोमुळं कुणाची तरी नोकरी सुटू शकते, आणि ती बहुतेक वेळा तिचीच असते.